वाचकांचे प्रश्न : शिकाऊ उपदेशक आणि त्याची मंडळी

जून उजाडला की सेमिनऱ्यांचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांचे, नवे सत्र सुरू होते आणि नागपुरातल्या बऱ्याच मंडळ्यांत (एकेका चर्चच्या सभासद-समाजांत) रविवारच्या उपासनेला एखादा अनोळखी तरुण किंवा तरुणी पाळकसाहेबांच्या शेजारी बसलेली दिसू लागते. फील्ड वर्क, इंटर्नशिप, उन्हाळी सेवा अशी या व्यवस्थेची नावे वेगवेगळी असली तरी हेतू एकच असतो : सेमिनरीत शिकणाऱ्याने एखाद्या मंडळीत, अनुभवी पाळकाच्या देखरेखीखाली, सेवा करता करता उपदेश करायला शिकावे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सलाम. आमची मंडळी सदर भागात आहे. दर वर्षी सेमिनरीकडून एक विद्यार्थी आमच्याकडे येतो आणि वर्षातून तीन-चार वेळा उपदेश करतो. उपदेश कच्चा असतो. "आपले व्यासपीठ म्हणजे सरावाचे मैदान आहे काय?" असे एका ज्येष्ठ सभासदांनी कमिटीच्या बैठकीत विचारले आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. सचिव म्हणून मी काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्या ज्येष्ठ सभासदांचा राग मला समजतो. आठवडाभर राबून माणूस रविवारी मंडळीत येतो तो काही ऐकण्यासाठी, कोणाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. तरीही उपदेशक घडण्याला मंडळीवाचून दुसरी जागा नाही, असेच मी म्हणेन. सेमिनरीत उपदेशशास्त्राच्या तासाला विद्यार्थी आपल्याच वर्गमित्रांसमोर बोलतो. ऐकणाऱ्या सर्वांनी तोच उतारा त्याच आठवड्यात अभ्यासलेला असतो, सर्वांना थोडेफार ग्रीक येते किंवा येते असे दाखवता येते, आणि कोणाच्याही घरी आदल्या दिवशी मयत झालेली नसते. मंडळीत पहिल्याच बाकावर अशी आई बसलेली असते जिचा मुलगा गेल्या महिन्यात गेला, तिच्या मागे दहावीच्या निकालाची धास्ती घेतलेली मुले असतात आणि खिडकीपाशी असा गृहस्थ असतो ज्याने वीस वर्षांत एकही उपदेश मनापासून ऐकलेला नाही. वर्गात निर्दोष ठरलेला उपदेश यांच्यापैकी कोणापर्यंतही पोहोचला नाही, हे विद्यार्थ्याला वर्गात कसे कळणार?

ही काही आजकालच्या सेमिनऱ्यांनी काढलेली टूम नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा जे सहा ख्रिस्ती पंथ एकत्र आले, त्यांच्यात उपदेशकाला पारखून घेण्याच्या जुन्या रीती होत्या. मेथडिस्टांकडे स्थानिक उपदेशकाला आधी एखाद्या मुरलेल्या उपदेशकाबरोबर राहावे लागे, मग काही काळ त्याला चाचणीवर ठेवले जाई, आणि त्याचा उपदेश ऐकूनच त्याचे नाव कायम होई. प्रेस्बिटेरियन परंपरेत पदवी मिळाली म्हणून कोणाला व्यासपीठ मिळत नसे. प्रेस्बिटरीसमोर, म्हणजे त्या भागातल्या पाळकांच्या आणि वडिलांच्या सभेसमोर, चाचणीचे उपदेश द्यावे लागत, ते पसंत पडले तर उपदेशाचा परवाना मिळे, आणि एखाद्या मंडळीने बोलावून घेऊन पाळकपदाची दीक्षा होईपर्यंत तो माणूस उमेदवारच राही. ज्यांच्या नावाने आपल्या शहरात १८८३ पासून कॉलेज उभे आहे ते स्टीफन हिस्लॉप याच परंपरेतून, स्कॉटलंडहून, इकडे आले होते. बाप्टिस्ट मंडळ्यांत तर एखाद्याला उपदेशाचे दान आहे की नाही हे ओळखण्याचे काम मंडळीचेच मानले जाते. म्हणजे तुमच्या बैठकीत माना डोलावणाऱ्यांना ऐकूनही घ्यायचे आहे आणि पारखूनही घ्यायचे आहे. दुसरे काम त्यांना कोणी समजावून दिलेले नाही, म्हणून पहिल्याचा त्रास होतो.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोसची हकीगत आहे, ती कमिटीत वाचून दाखवा. वक्ता मोठा, शास्त्रात प्रवीण, आवेशाने बोलणारा. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे ख्रिस्ताविषयीची शिकवण त्याच्यापर्यंत अर्धीच पोहोचली होती. इफिसच्या सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला ऐकले. त्यांनी त्याला चारचौघांत अडवले नाही आणि बाहेर पडल्यावर त्याची निंदाही केली नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हे जोडपे तंबू करणाऱ्या कारागिरांचे होते. तुमच्या मंडळीत असे एखादे घर असेल तर विद्यार्थ्याचे रविवारचे जेवण तिथे ठरवा.

मात्र सेमिनरीकडून काही गोष्टी मागून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. विद्यार्थी निदान एक पूर्ण वर्ष तुमच्याकडेच राहिला पाहिजे. दर तीन महिन्यांनी मंडळी बदलणारा विद्यार्थी चार चांगले उपदेश तयार करतो आणि तेच चार ठिकाणी फिरवतो. माणसे ओळखण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळला होती तोवर विदर्भातल्या मंडळ्यांना एक मोठी सेमिनरी जवळच होती. १९८३ साली ती पुण्याला गेली आणि आता लांबच्या सेमिनरीचा विद्यार्थी बहुधा सुट्टीत सलग काही आठवड्यांसाठी येतो. त्यातही एक फायदा आहे, कारण केवळ शनिवार-रविवार येणाऱ्याला मंडळीचे सोमवार ते शुक्रवार कधीच दिसत नाहीत. पण अशा विद्यार्थ्याला पुढच्या सुट्टीतही तुमच्याचकडे पाठवावे, असा आग्रह धरा.

दुसरी मागणी क्रमाची. आल्या आल्या पहिल्याच रविवारी कोणालाही व्यासपीठ देऊ नये. आधी त्याने संडे स्कूलमध्ये बसावे, पाळकांबरोबर घरभेटींना आणि दवाखान्यात जावे, उपासनेत शास्त्रवाचन करावे, मग मध्यस्थीची प्रार्थना चालवावी, मग मोहननगरच्या एखाद्या घरसभेत दहा मिनिटे बोलावे. व्यासपीठ त्यानंतर. नाताळ किंवा ईस्टरचा मुख्य उपदेश त्याच्याकडे सोपवू नये. पण उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांत वाटले जातात, तिथे एक उद्गार विद्यार्थ्याला जरूर द्यावा. वेळ बांधलेली असते, विषय बांधलेला असतो, आणि आजूबाजूला सहा अनुभवी माणसे बोलत असतात. नवख्याला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

प्रश्न : मी वर्धा मार्गावरच्या एका छोट्या मंडळीचा पाळक आहे. यंदा सेमिनरीने मला मार्गदर्शक पाळक नेमले आहे. विद्यार्थ्याचा उपदेश झाला की "छान झाले, प्रभूने तुला वापरले" एवढे मी म्हणतो आणि आम्ही जेवायला बसतो. यापेक्षा अधिक काही करायला हवे हे कळते, पण नेमके काय ते कळत नाही. मला स्वतःला असे कोणी शिकवले नव्हते.

उत्तर : जेवण मुळीच चुकवू नका. व्यासपीठावरून उतरलेल्या नवख्या माणसाच्या कानांत पुढचे दोन-तीन तास काहीही शिरत नाही. कौतुक केले तर तो तरंगतो आणि दोष दाखवला तर रात्रभर जागतो. रविवारी "छान झाले" एवढे पुरे. अडचण अशी आहे की तुमचे बोलणे तिथेच संपते. सोमवारी किंवा मंगळवारी संध्याकाळी, मोबाइल बाजूला ठेवून, तासभर दोघांनी बसायला हवे, आणि ही वेळ सत्राच्या आरंभीच ठरवून टाकलेली हवी. नाही तर प्रत्येक मंगळवारी कोणाचा तरी वाढदिवस किंवा डायोसिसची (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताची) मीटिंग निघते.

खरे काम मात्र उपदेशाच्या आधीच्या आठवड्यात होते. बुधवारपर्यंत विद्यार्थ्याने उतारा वाचून यावे आणि मंडळीला काय सांगायचे ते एका वाक्यात सांगावे. पाच वाक्ये लागली तर उपदेश अजून तयार नाही, एवढे सांगून त्याला परत पाठवा. शुक्रवारी लिहिलेला मसुदा पाहा, पण त्यातले शुद्धलेखन तपासत बसू नका, समासात फक्त "हे कोणाला सांगतो आहेस?" असे लिहा, जिथे जिथे लिहावेसे वाटेल तिथे. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये त्याला व्यासपीठावर उभे करून शास्त्रवाचन मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चार-चार कूलर घरघरत असतात. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याची निम्मी क्रियापदे त्या घरघरीत बुडतात, आणि आपले बोलणे मागे पोहोचत नाही याचा त्याला पत्ताही नसतो.

आता मंगळवारच्या बैठकीविषयी. एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण नियम सांगण्यापेक्षा त्याने लवकर उमगेल. एका विद्यार्थ्याने मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला होता, ज्यात मळ्याचा मालक सकाळपासून राबलेल्यांना आणि दिवस कलताना आलेल्यांना सारखीच मजुरी देतो. अभ्यास उत्तम होता. यहुदी लोक दिवसाचे तास कसे मोजत, दिनार हे कोणते नाणे, यशयाच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळा हे इस्राएलाचे चित्र म्हणून कसे येते, हे सारे त्याने नीट सांगितले आणि शेवटी तो देवाच्या कृपेवर आला. मंगळवारी मार्गदर्शक पाळकांनी आधी त्यालाच बोलू दिले : कुठे मोकळे वाटले, कुठे अडखळला, कुठे लोकांचे चेहरे बदलले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मागच्या तीन बाकांवर कोण बसतात, तुला ठाऊक आहे?" ठाऊक नव्हते. त्यांत रोज सकाळी कामाच्या शोधात ठिय्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर होते आणि त्यांच्या घरची माणसे होती. दहा-साडेदहापर्यंत ठेकेदार आला नाही की डबा तसाच घेऊन घरी परतणे म्हणजे काय, हे त्या बाकांना वेगळे सांगावे लागत नाही. दाखल्यात दिवस कलताना रिकामे उभे असलेले लोक म्हणतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. हे उत्तर त्या बाकांवरच्या कित्येकांनी स्वतःच्या घरी दिलेले होते. उपदेशात त्या उत्तराला अर्धे मिनिटही मिळाले नव्हते.

पाळकांनी उपदेश चुकला असे म्हटले नाही. पुढच्या आठवड्यात एका सकाळी सातच्या सुमारास ते विद्यार्थ्याला बरोबर घेऊन ठिय्यावर गेले आणि मंडळीतल्या दोघा-तिघांशी बोलत तासभर उभे राहिले, एवढेच. दोन महिन्यांनी त्याच विद्यार्थ्याला त्यांनी एका घरसभेत तोच दाखला पुन्हा घ्यायला लावला. या वेळी दिनाराला तीन शब्द पुरले, "एका दिवसाची मजुरी", आणि उरलेला वेळ त्या शेवटच्या मजुरांच्या वाट पाहण्याला मिळाला. तोच उतारा दुसऱ्यांदा करायला लावणे ही या प्रशिक्षणातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे असे माझे मत आहे. सेमिनऱ्यांच्या वेळापत्रकात तिला जागा नसते. मार्गदर्शक पाळकाने ती काढायची असते.

एका बैठकीत एकच गोष्ट हाती घ्या. आवाज, हातवारे, रचना, शास्त्रार्थ, दृष्टान्त असे सगळे एकदम काढलेत तर पुढच्या रविवारी विद्यार्थी स्वतःकडेच पाहत उभा राहील. मंडळीतल्या चार-पाच जणांचा एक छोटा श्रोतागट करता आला तर फार चांगले : एखादी आजी, कॉलेजातला मुलगा, एखादी नर्सबाई, रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे काका. त्यांना गुण द्यायला सांगू नका. "तुम्ही काय ऐकलेत?" आणि "तुमचे लक्ष कुठे उडाले?" हे दोनच प्रश्न विचारा. विद्यार्थ्याने त्या वेळी वहीत लिहून घ्यावे आणि खुलासा करू नये. "मला तसे म्हणायचे नव्हते" हे वाक्य त्या खोलीत बंद ठेवा. आजीबाईंनी जे ऐकले तेच त्या रविवारी मंडळीत बोलले गेले, मसुद्यात काहीही असो. मोबाइलवर चित्रीकरण करायचे असेल तर सत्रातून एखाद्या वेळी करा आणि दोघांनी पाहून पुसून टाका. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर ते टाकणे म्हणजे शिकणाऱ्याला चव्हाट्यावर उभे करणे होय.

शास्त्राविषयी किंवा श्रद्धेच्या मूळ गोष्टींविषयी काही चुकीचे बोलले गेले असेल तर मात्र मौन उपयोगी नाही. व्यासपीठाची जबाबदारी तुमची आहे. विद्यार्थ्याला मंगळवारी स्पष्ट सांगा, आणि मंडळीत गोंधळ झाला असेल तर पुढच्या रविवारी तोच उतारा तुम्ही स्वतः घ्या, त्याचे नाव न काढता.

तुम्हाला असे कोणी शिकवले नव्हते, हे तुम्ही लिहिलेत म्हणून एक जुनी गोष्ट आठवली. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगरीचे बिशप वलेरियस यांची मातृभाषा ग्रीक होती आणि लॅटिन उपदेश त्यांना जड जाई. ३९१ साली त्यांनी ऑगस्टीन यांना दीक्षा दिली. या नव्या माणसाने आधी शास्त्राभ्यासासाठी थोडी सवड मागून घेतली. बिशप हजर असताना दुसऱ्याने उपदेश करू नये असा तिकडच्या मंडळ्यांचा रिवाज होता. वलेरियस यांनी तो मोडला, ऑगस्टीनना व्यासपीठ दिले आणि स्वतः समोर बसून ऐकले. काही बिशपांनी नाके मुरडली, पण हळूहळू इतर ठिकाणीही तसेच होऊ लागले. वलेरियस यांचा स्वतःचा एखादा उपदेश आज कोणाला आठवत नाही. तुमची उपदेशशास्त्राची तयारी कमी असेल तर त्याने काही अडत नाही. समोर बसून नीट ऐकणारा माणूस विद्यार्थ्याला हवा आहे.

प्रश्न : विद्यार्थ्यांचे उपदेश पाऊण-पाऊण तास चालतात. किती वेळ योग्य?

उत्तर : पहिल्या वर्षी पंधरा मिनिटे, नंतर वीस. त्रोवस येथे पौलाचे भाषण लांबले तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोपी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. पौलाने त्याला उचलून जिवंत परत दिले. विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी तेवढा भरवसा बाळगू नये.

प्रश्न : मी बी. डी. च्या (धर्मशास्त्राच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. माझे घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात, घरची बोली झाडी, शिक्षण इंग्रजीतून, आणि सेवेसाठी मिळालेली मंडळी नागपुरातली, जिथे निम्मे लोक मराठी आणि निम्मे हिंदी बोलतात. उपदेश लिहिताना माझी भाषा लाकडासारखी होते. शिवाय मंडळीतले काही वडीलधारे मला फक्त महिला मंडळात बोलू द्यावे असे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : ताई, भाषेची अडचण तुमची एकटीची नाही, ईशान्येकडून पुण्याला किंवा जबलपूरला शिकायला आलेल्या आणि मग मराठी मंडळीत पाठवलेल्या विद्यार्थ्यांची ती याहून मोठी आहे. तुमची भाषा लाकडी होते कारण तुम्ही इंग्रजी भाष्यग्रंथ उघडून सुरुवात करता, इंग्रजीत टिपणे काढता आणि शनिवारी रात्री त्यांना मराठीची वस्त्रे चढवता. सोमवारी उतारा आधी मराठी शास्त्रातून वाचा, मोठ्याने, दोन-तीनदा. मग पुस्तके बंद ठेवून तो घरी फोनवर आईला तुमच्या बोलीत सांगा. आईने जिथे "म्हणजे?" असे विचारले असेल ती जागा टिपून ठेवा, तुमच्या उपदेशाचे काम नेमके तिथे आहे. भाष्यग्रंथ मंगळवारी उघडा. व्यासपीठावर तुम्ही झाडीत बोलावे असे मी म्हणत नाही, पण उपदेशाची वाक्ये त्या सांगण्याच्या लयीत असू द्या. हिंदीविषयी पाळकांशी बोलून एकच ठरवा : उपासना मराठी असेल तर उपदेश मराठीत, आणि शेवटी दोन-तीन मिनिटे हिंदीत सार. एकाच वाक्यात दोन्ही मिसळली की दोन्हीकडचे लोक अर्धे ऐकतात. बाजारात बर्डीवर आपण सगळेच तसे बोलतो, पण तिथे समोरचा लगेच उलटून विचारू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देण्याऐवजी तुमच्या सेमिनरीला आणि मार्गदर्शक पाळकांना द्यायला हवे. स्त्रियांना पाळकीय दीक्षा देणे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मान्य आहे, आणि चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली एक स्त्री बिशप झाली. तुमची मंडळी कोणत्या परंपरेतली आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ती स्त्रियांच्या उपदेशाला मान्यता देणारी असेल तर वडीलधाऱ्यांशी बोलण्याचे काम पाळकांचे आहे आणि ते तुम्ही येण्याआधीच व्हायला हवे होते. मान्यता न देणारी असेल तर सेमिनरीने तुम्हाला तिथे पाठवायलाच नको होते. दोन्ही परिस्थितींत ही लढाई विद्यार्थिनीने एकटीने लढावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. फील्ड वर्क पाहणाऱ्या प्राध्यापकांना लेखी कळवा, आणि तोवर महिला मंडळातला उपदेशही तेवढ्याच तयारीने करा. महिला मंडळातल्या बाया फार बारकाईने ऐकतात.

प्रश्न : आम्ही कॅथोलिक आहोत आणि सेमिनरी हिल्सजवळ राहतो. सेंट चार्ल्स सेमिनरीतले ब्रदर, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, आमच्या भागात येतात, मुलांना धर्मशिक्षण देतात, पण रविवारच्या मिस्सात (मुख्य उपासनेत) प्रवचन मात्र कधीच करत नाहीत. त्यांना उपदेश शिकवला जात नाही का?

उत्तर : शिकवला जातो, मिस्साची गोष्ट वेगळी आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात प्रवचन हे उपासनेचेच अंग आहे असे म्हटले आणि १९८३ च्या धर्मविधान संहितेतल्या ७६७ व्या कलमाने ते धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूपदाच्या आधीची दीक्षा घेतलेले) यांच्यासाठीच राखून ठेवले. म्हणून ब्रदरांना दीक्षेआधी वर्गातल्या सरावाखेरीज शब्दोपासना (मिस्साविना शास्त्रवाचनाची उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तरुणांची शिबिरे आणि धर्मशिक्षणाचे तास यांतूनच बोलायचा सराव मिळतो. खरी परीक्षा डीकनपदाच्या काळात होते, कारण तेव्हा ते एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) राहून मिस्सात प्रवचन करू शकतात. त्या काळात तुमच्या धर्मगुरूंनी आणि तुम्ही मिळून वर सांगितलेला श्रोतागट चालवला तर कोणत्याही कलमाचा भंग होत नाही. प्रवचन थोडक्यात असावे असे पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लिहिले होते, तेही डीकनसाहेबांना हळूच सांगता येईल.

प्रश्न : आमच्याकडच्या विद्यार्थ्याचा एक उपदेश मी नंतर यूट्यूबवर जसाच्या तसा ऐकला, गोष्टींसकट. आता तर मोबाइलवरच्या ॲपला विचारून उपदेश लिहून घेतात असे ऐकतो. पाळकांना सांगावे का?

उत्तर : सांगावे, पण आधी त्या विद्यार्थ्याला सांगावे. दुसऱ्याच्या भाष्याचा आधार घेणे आणि तो मान्य करणे यात काही गैर नाही. आजवरचे सर्व उपदेशक ते करत आले आहेत. दुसऱ्याच्या आयुष्यातली गोष्ट "माझ्या बाबतीत असे घडले" म्हणून सांगणे ही मात्र सरळ लबाडी आहे, आणि ती व्यासपीठावरून झाली म्हणून अधिक वाईट. ॲपचेही तसेच. ॲपला मागच्या तीन बाकांवरची माणसे ठाऊक नसतात, त्यामुळे त्याने लिहिलेला उपदेश कोणत्याही शहरातल्या कोणत्याही मंडळीत चालतो, आणि देखरेख करणाऱ्याला तो त्यावरूनच ओळखू येतो. पाळकांना माझी सूचना अशी की त्यांनी विद्यार्थ्याकडून पूर्ण मसुद्याबरोबर बुधवारची कच्ची टिपणेही मागावीत. खोडलेली, बाण काढलेली, चहाचे डाग पडलेली टिपणे असली की सहसा काळजीचे कारण नसते. आणि अशी उसनवारी सापडली तर आधी कारण शोधा. पुष्कळदा विद्यार्थ्याला शनिवारी दुपारी कळवलेले असते की उद्या तुझा उपदेश आहे. तसे असेल तर अर्धा दोष पाळकांचा.

प्रश्न : सत्र संपले की सेमिनरीचा छापील फॉर्म येतो, उपदेश, वागणूक, वक्तशीरपणा अशा रकान्यांत एक ते पाच गुण द्यायचे असतात. मी सगळीकडे पाच देतो, मुलाचे नुकसान नको म्हणून. हे बरोबर आहे का?

उत्तर : सगळीकडे पाच दिलेला फॉर्म सेमिनरीत कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही, त्यामुळे मुलाचे नुकसान टळते असे म्हणता येत नाही, त्याच्याविषयी कोणाला काही कळत नाही, इतकेच. रकाने भरा, पण सोबत एक साधा कागद जोडा. त्यात वर्षाच्या सुरुवातीला हा विद्यार्थी काय करू शकत नव्हता, आता काय करतो आणि अजून काय जमत नाही हे दहा-बारा वाक्यांत लिहा. "उपदेश चांगला करतो" असे लिहू नका. "लेखी मसुद्यावरून मान वर करून बोलायला दिवाळीनंतर शिकला, शोकग्रस्त घरी मात्र अजून फार बोलतो" असे लिहा. कागद पाठवण्याआधी विद्यार्थ्याला वाचून दाखवा आणि त्याला काही आक्षेप असेल तर तोही त्याच कागदावर खाली लिहू द्या. ज्या गोष्टी तुम्ही त्याच्या तोंडावर वर्षभर बोलला नाहीत त्या पहिल्यांदा फॉर्मवर उमटू नयेत.

तुम्ही पत्राच्या शेवटी प्रवासखर्चाविषयी ओझरते लिहिले आहे, ते महत्त्वाचे आहे. वसतिगृहातून मंडळीपर्यंत दर आठवड्याला येण्याजाण्याचा खर्च आणि घरभेटींसाठी लागणारे पेट्रोल विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये. कमिटीने ही रक्कम वर्षाच्या अंदाजपत्रकातच धरावी आणि खजिनदारांनी ती न मागता महिन्याच्या पहिल्या रविवारी द्यावी. दर वेळी मागावे लागले तर अर्धे विद्यार्थी मागत नाहीत आणि घरभेटी कमी करतात.